सहा पावलं

क्लेम गेल्याचं घुशींना लवकर कळलं.
नोव्हेंबर होता. रस्त्याकडेला शुगर बीटचे ढीग,
लॉऱ्या दिवसरात्र ते उचलत होत्या
आणि ढिगाखालचं बिऱ्हाड, पोराबाळांसकट,
पाटाच्या कडेकडेनं चालत
विनिफ्रेड गॅदरकोलच्या खुराड्याशी येऊन टेकलं.

फेन्सची जमीन. ताटासारखी सपाट,
समुद्राहून हातभर खालीच.
लपायचं तर इथे मातीतच लपावं लागतं.

बिलांच्या खाली, तेलकट फडक्यात,
क्लेमचं एअर पिस्तूल.
नळी मोडून दाबली की आत स्प्रिंग ताणली जाते;
तिला दोन्ही हात लागले, वर गुडघाही.
छर्रा केवढा, तर मुगाएवढा,
कंबर आवळलेला, शिसाचा.

आधी तिनं मॅकरेलचे डबे मांडले.
सहा पावलांवर डबा उडून पडला.
बारा पावलांवर टुक म्हणाला आणि उभा राहिला.
वीस पावलांवरून छर्रा कुठे गेला
तो पाटालाच ठाऊक.

अंडी न्यायला स्वावोमिर आला,
फुलकोबी कापून बोटं सुजलेली.
पिस्तूल त्यानं तळहातावर तोललं.
"रायफलीच्या निम्मं बळ ठेवलंय ह्याला कायद्यानं.
डब्यांसाठी ठीक आहे, मिसेस गॅदरकोल.
घूस म्हणजे डबा नव्हे."
"क्लेम तर रोज रात्री ह्यानंच..." ती म्हणाली.
तो काही बोलला नाही. अंडी मोजून घेतली.

बॅटरीला चॉकलेटचा लाल कागद बांधून
पालथ्या बादलीवर ती बसली.
थंडीनं आधी पाय गेले, मग नाक.
घूस आली ती घरमालकिणीसारखी,
दाण्याच्या पोत्याकडे, इकडेतिकडे न बघता.
आठ पावलं. नऊ असतील.
हात हलला, की घूस हलली,
छर्रा लागला एवढं नक्की,
कारण ती ओरडली.

मग फळ्यांखाली खरवड, खरवड.
कोंबड्या दांडीवर गप्प.
ती घरात गेली नाही.
आपण सुरू केलेलं संपायची वाट बघत बसली
आणि ते संपेना.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच;
पण अवलक्षण तिचं, आणि भोगणं दुसऱ्याचं.

पहाटे पहारीनं फळी उचकटली.
घूस कुशीवर पडलेली, डोळा उघडा,
पोट भात्यासारखं चाललेलं.
एक वीत अंतर.
एवढ्या अंतरावर पिस्तूल पुरेसं होतं.

नंतर, हात थरथरायचे थांबल्यावर,
तिला फळीखालची जाळी दिसली.
बारीक भोकांची, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,
जागोजागी गंजून फाटलेली.
कडेला तारेच्या गाठी, दुहेरी, डाव्या हाताच्या.
अशी गाठ ह्या गावात एकच माणूस मारायचा.
शेजारी सिमेंटनं बुजवलेली बिळं,
ओल्या सिमेंटवर उठलेला अंगठा.

रोज जेवणानंतर तो पिस्तूल उचलायचा,
"बघून येतो त्यांच्याकडे" म्हणायचा,
तासाभरानं यायचा, ढोपरं मातीनं माखलेली.
किती मिळाल्या, ती विचारायची.
"आज एकही नाही," तो म्हणायचा.
तीस वर्षं तिला वाटत आलं
की ह्याचा नेम वाईट आहे.

गुरुवारी स्वावोमिर आला तेव्हा
दाणा झाकणाच्या पिंपात गेला होता,
आणि विनिफ्रेड खुराड्याखाली आडवी,
बाहेर नुसते बूट.
"जाळी कितीची मिळते आता?" आतून आवाज आला,
"आणि ती पक्कड दे. नाही, मोठी."

कठड्यावर एक डबा अजून उभा होता,
पोचा पडलेला, पावसानं अर्धा भरलेला.