शेवटचं अक्षर

गरडांचा महारुद्र रुमाल घेऊन आला
परांड्यात, तहसीलसमोरच्या माझ्या टेबलापाशी.
पत्र्याच्या पेटीत, बियाण्याच्या पोत्याखाली होता म्हणे इतकी वर्षं.
"तेवढं कुणबी हाय का बघा, ताई.
बाकीचं नका वाचत बसू."

पानाला दोनशे घेते मी.
मोडीची रीत अशी, की आधी पानभर रेघ ओढायची,
मग तिला अक्षरं टांगत जायचं,
लेखणी उचलायची नाही.

दुपारी तीनला सापडलं.
आहे, म्हणाले.
त्याने लगेच भावाला फोन लावला.
थांब, म्हणाले,
पुढे अजून एक अक्षर आहे.

*कुणबीण रास एक, हबसाणची, उमर वर्षे नऊ.
नाव मोगरी ठेविले.
उजवे कानाखाली डाग, दात शाबूत.
बंदर चेऊलीहून आणविली. रुपये पंचावन्न.
लिहिणावळ आठ आणे.*
आणि त्याच रेघेला लागून
*घोडी रास एक, अबलख, रुपये दीडशे.*

ठेविले.
म्हणजे आधीचं काहीतरी होतं,
कुणीतरी समुद्रापलीकडे
संध्याकाळी ज्या नावाने हाक मारायचं.

शाळेत गुलाम म्हटलं की अमेरिका होती,
कापसाचे मळे, गोऱ्यांची गलबतं,
दोन गुणांचा प्रश्न, मला दोन्ही मिळाले होते.
आणि इकडे हबशांचा विषय निघाला
की आमचे लोक तट दाखवतात, नहरी दाखवतात,
विकत आणलेलं पोर वजीर झालं, सांगतात कौतुकाने.
विकत घेतलं कुणी
ते वाक्य कर्त्यावाचून संपतं.

महारुद्र खूप वेळ कागदाकडे बघत राहिला,
त्याला मोडी येत नाही तरी.
मग हळूच म्हणाला,
"शेवटचं अक्षर धरलंच नाय, तर?"

झेरॉक्सवाल्याचा पंखा कागदाची कड उचलत होता.
मी अंगठा ठेवला.

पुढल्या बंदात *मोगरीस लुगडे एक*,
पुढल्या वर्षी पुन्हा,
तिसऱ्या वर्षी लुगडे आणि *औषधास चार आणे*,
चौथ्या वर्षी
फक्त घोडीचा हरभरा.

"मेली व्हय?"
तसं लिहिलेलं नाही, म्हणाले.
"मग या पानाचे पैशे धरू नका."
नाही धरले.
पण मला आठ आणेवाला तो आठवत राहिला,
ज्याचा हात कुठेही अडखळलेला नाही,
ज्याचं वळण इतकं सुरेख आहे
की मी विद्यार्थ्यांना नमुना म्हणून दाखवलं असतं.

नक्कल करून द्यायची होती, बरहुकूम.
कोरा कागद घेतला. रेघ ओढली नाही.
देवनागरीत शब्दाशब्दाला
लेखणी उचलावी लागते.

कुणबीण.
उचलली.
उमर वर्षे नऊ.
उचलली.
नावाच्या जागी आले
आणि पेन हवेतच राहिलं,
बाहेर तहसीलचा शिपाई
पाच वाजल्याचं ओरडेपर्यंत.