तीन हात

घानात एक गाव आहे, नाव त्याचं हो.
तिथल्या शाळेच्या फाटकाला
सेन्यो आग्बेको शिडी लावतो.
तिसरी पायरी निखळलेली, पायाला ते पाठ.

'मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा.'
यातला 'मुक्या' जाणार. 'बहिऱ्या' राहील,
तो आमचा आहे, असं मोठ्या मुलांनी बजावलंय.
बाई म्हणतात, वरून पत्र आलंय,
आणि नसतं आलं तरी हे व्हायलाच हवं होतं.

सेन्यो काही बोलत नाही.
पाटीवरचा हात त्याच्या वडलांचा.
पिवळ्यावर निळं, डावीकडून लाल सावली,
आणि पहिल्या शब्दाला वळण असं
की लॉरीवाले थांबून विचारायचे, कुणी काढलंय?
माझा सगळ्यात देखणा शब्द, म्हातारा सांगायचा.

देखणा होताच.
सेन्यो ब्रश बुडवतो.

खाली एसिनाम, नऊ वर्षांची, कणीस खात.
तिच्या नावाचा अर्थ: देवानं माझं ऐकलं.
तो शब्द तिनं कधी ऐकलेला नाही,
पाहिलाय मात्र पुष्कळदा:
केंकी विकणारीच्या ओठांवर, बसच्या पोऱ्याच्या,
एकदा मामाच्या.
कसा दिसतो ते करून दाखवते:
ओठ मिटतात, हनुवटी पुढे, डोळे भलतीकडे.
मग दोन्ही हातांनी इतकं काही सांगते
की दाणे उडतात कणसाचे.
सेन्योला एक अक्षर कळत नाही.
शिडीवर, ब्रश हातात घेऊन,
मुका, तोच.

(माझ्या भाषेत मुका गालावर घेतातही.
तेवढा मी ठेवून घेईन.)

पहिला हात सुकला. शब्द खालून दिसतोच.
दुसरा. तिसऱ्यानंतरही
तिरक्या उन्हात म्हाताऱ्याच्या वळणाचा
फुगीर कणा वर येतो.
राहू दे, बाई म्हणतात, धूळ बसली की झाकेल.
धूळ उंचवट्यावरच आधी बसते, बाई.
तो पॉलिश पेपर काढतो, नि अंधारेपर्यंत घासतो.

कोपऱ्यातल्या वडलांच्या सहीला मात्र
तो हात लावत नाही.

उतरल्यावर एसिनाम त्याला न्याहाळते
आणि नाव ठेवते:
कानशिलावरून दोन बोटं, खाली.
तिथं त्याला पिवळा रंग लागलेला असतो.

रात्री रॉकेलनं तो निघेल.
नाव आता तेच.