विषय क्रमांक नऊ

बावीस वर्षं मी या शाळा मंडळाची इतिवृत्तं लिहिते आहे.
कोण काय म्हणालं ते नाही लिहायचं,
काय ठरलं ते लिहायचं.
मंगळवारी ठरलं, चार विरुद्ध तीन,
की अर्कान्सासमधल्या या आमच्या एवढ्याशा गावात
प्रत्येक वर्गात दहा आज्ञा लागतील,
चौकट ओकची, अक्षरं एवढी ठळक
की शेवटच्या बाकावरून वाचता यावीत.

व्यायामशाळेत उभं राहायला जागा नव्हती.
बास्केटबॉलच्या फायनललाही एवढी माणसं येत नाहीत.
प्रत्येकाला तीन मिनिटं, घंटा माझ्या हातात.
पास्टर हार्गिस म्हणाले, देवाला शाळेबाहेर काढलं, बघा काय झालं ते.
वेल्डर नोवाक म्हणाला, आम्हा कॅथलिकांची मोजणी वेगळी,
तुमची तिसरी ती आमची दुसरी,
मग भिंतीवर आकडे कुणाचे?
लिटल रॉकच्या एका रब्बींचं पत्र मीच वाचून दाखवलं:
आमच्यात पहिली ही आज्ञाच नाही,
तिथे देव फक्त आपली ओळख सांगतो.
कुणीतरी हसलं. कुणीतरी "संविधान!" म्हणून ओरडलं,
पलीकडूनही तेच ओरडले,
दोघांच्या मुठीत तीच खिशातली पुस्तिका,
एकाच छापखान्याची.

मला नास्तिक म्हणायची घाई करू नका.
डावीकडचा, मागून तिसरा बाक माझा,
हॅरल्ड होता तेव्हापासून.
आज्ञा मला पाठ आहेत.
भिंत लागत नाही त्याला.

विषय क्रमांक नऊ होता दुपारच्या जेवणाची थकबाकी.
चार हजार एकशे बारा डॉलर, साठ सेंट.
नियम असा: उधारी पंधराच्या वर गेली
की मुलाच्या हातातला गरम ट्रे काढून घ्यायचा
आणि थंड चीज सँडविच द्यायचं.
काढलेला ट्रे दुसऱ्या कुणाला देता येत नाही,
आरोग्य खात्याची हरकत आहे.
तो कचऱ्यात.
वाटाणे, बटाटे, सगळं, त्या पोराच्या डोळ्यांदेखत.

काउंटरवरच्या डोरोथा क्विलननं ऑक्टोबरमध्ये
एक ट्रे टाकला नाही.
तिला मेमो गेला.
टाइप मी केला. सही साहेबांची,
पण स्वल्पविराम माझे.

चौकटींना देणगीदार मिळाला, टायरवाले मिस्टर बोलिंग.
एकशे अठरा वर्ग, चौकटीला अडतीस डॉलर.
टाळ्या चालू होत्या तोवर
मी समासात पेन्सिलीनं हिशेब केला:
सगळ्या पोरांची उधारी फिटते,
वर तीनशे एकाहत्तर डॉलर चाळीस सेंट उरतात.
मग खोडरबर फिरवलं.
सवय.

डोरोथा सहापासून कोट न काढता बसली होती,
हातात एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी.
अकरा वीसला अध्यक्ष म्हणाले,
वेळेअभावी विषय नऊ पुढच्या महिन्यात.
दिवे अर्धे बंद झाले, माइक पूर्ण.
ती तरीही उठली. समोर आली, बोलली.
मी पहिल्या टेबलाशी बसते, म्हणून मला ऐकू आलं.
बाकीचे गाड्यांच्या किल्ल्या शोधत होते.

तर आज इतिवृत्त लिहिते आहे.
ठराव एक, मंजूर. ठराव दोन, मंजूर.
विषय नऊ, स्थगित.
आणि त्याच्या खाली, बावीस वर्षांत पहिल्यांदा,
कुणी काय म्हणालं ते:

"श्रीमती क्विलन म्हणाल्या, पुढचा महिना ठीक आहे हो.
पण उद्या बुधवार. उद्या साडेअकराला पोरं येतील.
मी हात पुढे करू, की मागे?"

हे नियमात बसत नाही, मला माहीत आहे.
पुढच्या बैठकीत ते ही ओळ काढायला लावतील,
काढूही.
पण आमच्याकडे दुरुस्तीची पद्धत ठरलेली आहे:
जे खोडायचं,
ते आधी अध्यक्षांनी
माइक चालू करून
मोठ्यानं वाचायचं.