दिवसाला किती?

छातीवर थंड जेल लावताना मी विचारते,
चहा-कॉफी दिवसाला किती?
आणि अख्ख्या मिरजेत खरं कुणी सांगत नाही.

कॉलेजची पोरं म्हणतात, कोल्ड कॉफी धरायची नसते, मॅडम,
ती दुधात जाते.
विश्रामबागेत काचेचं दुकान झालंय,
तिथं एकशेनव्वद रुपयांच्या फेसावर
एक मुलगा पिंपळपान काढून देतो.
पान मोडवत नाही म्हणून आधी फोटो,
तोवर कॉफीवर साय.

दातेकाकू म्हणतात, छे गं, फक्त एकादशीला.
एकादशा महिन्यातून दोन.
काकूंच्या घरी त्या रोज येत असाव्यात.

सेलमहून हळदीसाठी ट्रक आणणारा मुरुगेशन
पाच बोटं दाखवतो,
दुसरा हात खिशातच.

डॉक्टर लिहून देतात: दोन कप पुरे. पाचनंतर नको.
लिहिताना त्यांचा स्वतःचा कप
प्रिस्क्रिप्शनवर गोल उमटतो.
पेपरात एका मंगळवारी कॉफी यकृताला चांगली,
पुढच्या मंगळवारी झोपेला वाईट.
मी दोन्ही कात्रणं एकाच टाचणीला लावलीत.
भांडू देत.

मग दस्तगीरभाई आले. तंबोरे करतात.
नखांत लाखेचा रंग, वय सदुसष्ट,
आणि पहिल्यांदाच कुणीतरी सरळ सांगितलं: सात.
वर म्हणाले, बिनसाखरेच्या.

दिवसा गल्लीत रिक्षा, मिक्सर, कुणाची तरी बोअरिंग.
जवारी रात्रीच लागते, बाई.
घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं,
परत फिरवायची. केसाएवढं जास्त गेलं
की सूर लाकूड होतो.
एवढं ऐकायला जागा माणूस लागतो.

पण आता कानस धरली की बोटं थरथरतात.
छातीत मधेच कबुतर फडफडतं.

मशीनमधून कागद सरकत आला.
ठोका, ठोका, एक घाईनं आलेला,
मग मोकळी जागा,
मग परत ठोका.
त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.
म्हणाले, जीव सरकलाय.

मी दचकले.
ते हसले. अहो, तारेखाली सुताचा दोरा घालतो आम्ही,
त्याला जीव म्हणतात.
जरा मागं-पुढं झाला की असंच होतं.

कॉफी बंद.
तिसऱ्या दिवशी फोन, कपाळावर रेडा उभा आहे.
मी म्हटलं, उतरेल, पाणी प्या.
पंधरा दिवसांनी परत कागद काढला, रेघा शहाण्या,
हात दगडासारखा स्थिर.
आणि तोंड पडलेलं.
हात थांबला, बाई. कानच झोपला.
नऊ वाजता मीच तंबोऱ्यासारखा भिंतीला टेकून असतो.

डॉक्टरांनी मग एक कप दिला. नाश्त्याबरोबर.
मी काही बोलले नाही.
आमच्यात कॉफीत जायफळ उगाळतात,
एकानं जागं करायचं, दुसऱ्यानं निजवायचं,
मधल्या मध्ये आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पीत आलो
आणि कुणाला कधी विचारलं नाही
यातलं औषध कोणतं.

परवा सेकंड ड्यूटी संपवून त्यांच्या गल्लीतून निघाले.
अकरा वाजले असतील. एकच दिवा.
एकच तार, परत परत,
मधे कानशीची खरखर, उंदरासारखी,
मग परत तीच तार.
चौथ्या-पाचव्या खेपेला ती उघडली.
कशी सांगू. बंद खोलीत कुणी खिडकी ढकलावी तशी.

फळीवर स्टीलचा पेला, वाफ येणारा.
मला पाहून त्यांनी तो आधी झाकला,
मग झाकण काढलं,
बशीत अर्धी ओतली आणि माझ्यापुढं सरकवली.
पाचनंतरची. जायफळ नसलेली.

मी प्यायले.
आता ही त्यांच्या खात्यात मांडायची
की माझ्या?