सात नंबरची स्प्रिंग

रेडिचमध्ये, जिथं एके काळी सुया बनत, त्या गल्लीत
आमचं स्प्रिंगांचं वर्कशॉप. माणसं नऊ, यंत्रं अकरा,
त्यातलं एक फक्त डेरिकचं ऐकतं.
मी हिशेब बघते. सोळा वर्षं झाली.

मंगळवारी तो आला, लॅपटॉप घेऊन.
बूट इतके स्वच्छ की तेलाचे डाग चुकवत
लंगडी घातल्यासारखं त्यानं अंगण ओलांडलं.
म्हणाला, सगळं एका जागी येईल:
माल, ऑर्डरी, पगार, उधारी.
ट्रान्टरसाहेबांनी विचारलं, "मग आत्ता कुठे आहे?"
कुणी हसलं नाही.
आत्ता ते डेरिकच्या डोक्यात आहे,
बिस्किटांच्या डब्यांवर चिकटवलेल्या रंगीत टिकल्यांत,
आणि माझ्या कानामागच्या पेन्सिलीत.

महिन्याचा आकडा त्यानं खालच्या आवाजात सांगितला,
आजाराचं नाव घ्यावं तसा.
सुरुवातीचे दोन आठवडे काम थोडं मंदावेल, म्हणाला.
थोडं म्हणजे किती
ते शुक्रवारी नऊ पगार मोजणाऱ्याला विचारावं.

मग पडद्यावर चौकटी आल्या.
एका चौकटीनं विचारलं: सवलतीचं कारण?
मिसेस प्लँट अजून चौदा वर्षांपूर्वीच्या भावानं माल नेतात,
कारण एक्क्याऐंशी साली बँकेनं दार लावलं तेव्हा
त्यांच्या नवऱ्यानं साहेबांच्या वडिलांना
आगाऊ पैसे आणून दिले होते, ब्रेडच्या कागदात गुंडाळून.
यादीत कारणं पाच. हे नव्हतं.
त्यानं "इतर" निवडलं.
साहेब त्या "इतर"कडे बराच वेळ बघत राहिले.

नमुना म्हणून आकडे मीच भरले होते, आमचेच, खरे.
सात नंबरची स्प्रिंग,
वडिलांनी हातानं वळलेली पहिली, जिचा फोटो जिन्यात आहे,
तिच्यापुढे एक बारीक लाल ओळ उमटली:
नगामागे चार पेन्स पदरचे.
मला ठाऊक होतं. सहा वर्षं.
दर मार्चला मी ते आठ नंबरच्या नफ्याखाली सारत आले,
झोपलेल्या मुलाचा उघडा पाय पांघरुणात ढकलावा तसं.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात;
इतकी वर्षं आवळून बोटं किती दुखतात, ते म्हणत नाहीत.

"विचार करून कळवतो," साहेब म्हणाले.
चहा झाला. पावसाची भुरभुर थांबली होती.
निघताना डेरिकनं त्याच्या तळव्यावर
सात नंबरची एक ठेवली, आठवण म्हणून.
त्यानं ती दाबली, सोडली, पुन्हा दाबली.
"सुरेख आहे," म्हणाला, अगदी मनापासून,
"केवढ्याला पडते तुम्हाला?"

आणि आम्ही तिघंही एकदम
हवेबद्दल बोलायला लागलो.