सतराची बाजू

शहापुरात आमचं दुकान खाली, वर भट्टी,
आणि रविवारी रात्री भट्टी विझली की
तिच्याच राखेच्या वासात आम्ही चौघं बसतो
राक्षस मारायला.

नियमांची वही माझी.
सोनार माणूस, गुंजेचा हिशेब रक्तात:
चेटक्याला जेवढं बळ, तेवढा त्याचा दम कमी,
धनुर्धारी लांबून मारतो, म्हणून चिलखत पातळ,
राक्षसाचा जीव सगळ्यांच्या बेरजेइतका,
वर दोन.
ते दोन माझ्या समाधानासाठी.

तीन रविवार असे गेले.
कुणी मेलं नाही. जिंकलं म्हणावं, असंही कुणी नाही.
कॅम्पातल्या बेकरीत पहाटे तीनला भट्टी पेटवणारा इनास
ऐन लढाईत घोरायला लागला,
त्याच्या वाटचे घाव मी वहीत बघून घातले.
बरोबर निघाले.

नकाशावर दोन राज्यांमध्ये
मी लाल शाईची रेघ ओढलेली.
महानंदा म्हणाली, ती खोड आधी,
आठवडाभर बघतोच की, इथं तरी नको.
खोडली. कागद तिथं जरा विरला,
मग ती नदी आहे असं ठरलं.

चौथ्या रविवारी परशरामनं फासा आणला.
उद्यमबागेत, पाळी संपल्यावर, उरल्यासुरल्या पितळेतून
ओतलेला, घासलेला, वीस बाजूंचा,
आकडे पंचनं ठोकलेले, सहाखाली आणि नवाखाली टिंब.
हातात घेतला आणि कळलं. बोटांना कळतं ते.
घरी नेऊन शंभरदा टाकला, रेघा मारल्या:
बावीस वेळा सतरा.
आत कुठंतरी हवेचा फुगा राहिलाय, म्हटलं.
परशराम म्हणाला, "माहीत हाय की.
फुगा नसलेलं ओतकाम दाखव मला."
महानंदा म्हणाली, "इरली बिडु." असू दे, सोड.
निम्म्या गोष्टींना तिचं हेच उत्तर,
दवाखान्यातल्या रात्रपाळीलासुद्धा.

तिचं पात्र शिंपीण. माझ्या वहीत सगळ्यांत हलकं,
एक सुई, एक रीळ, आणि घाबरत नाही म्हणून एक गुण.
समोर राक्षस, अकरा फेऱ्या टिकेल असा तोललेला.
ती म्हणाली, याची सावली
जमिनीला शिवून टाकते.

वहीत सावलीचं पान नव्हतं.
मी पुढून चाळली, मागून चाळली.
इनास जागा झाला.
"शिवू दे की बे."

आणि मी, ज्यानं सख्ख्या मावशीच्या बांगड्यांतली
घट कापून घेतलेली आहे,
मी म्हणालो, सतरा पडले तर.
कुणीच वर बघितलं नाही.
परशराम मिशीत हसला.

चार पडले.

राक्षसाची राहिली, स्वतःचीच सावली
शिवून बसली शिंपीण.
टाके पक्के, तिचे टाके पक्केच असतात,
आता पाय हलेना. राक्षस वाकून बघतोय.
इनासचा आचारी तिला उचलायला गेला
तर त्याचा पंचा टाक्यात,
परशराम कात्री शोधतोय
जिची किंमत मी कधी लिहिलीच नव्हती,
आणि राक्षसाला, म्हणजे मला, हसू आवरेना,
शेवटी त्यानंच विचारलं,
बाई, माझी बाही उसवलीय केव्हाची,
तेवढी घालून द्याल का चार टाके?

अडीच वाजले.
इनास तिथूनच बेकरीला गेला, पंचा ओढत असल्यासारखा चालत.

सोमवारी मोदग्याहून एक बाई
आईची नथ घेऊन आल्या.
काट्यावर ठेवली. वर पंखा.
शेवटचा आकडा तीन, चार, तीन, चार.
"किती भरली?"
"थांबा की, अजून हलूलाय,"
म्हटलं, आणि पंखा बंद करायला
लगेच उठलो नाही.