खोटी पट्टी

राजारामपुरी, सातवी गल्ली, सायकल दुकानाच्या वर
हुक्केरी सरांचा क्लास. तीन मशीन, एक पंखा,
पंख्याचं तोंड मशीनकडे.
आम्ही घामाघूम.

काचेवर पिवळसर अक्षरं. अक्षरंच फक्त.
गोल काढायचा तर पडद्याला आधी
अक्षरं विसरायला लावायची,
आणि त्याला एकच वाट: बारा आकडे
एकेक करून कार्डाच्या कानात सांगायचे.
आधी खण कितवा, मग त्यात काय.

ते बारा आकडे बंगळूरहून आले,
झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स,
आणि नेमका पहिलाच पुसट.
तीन-पाच का आठ-पाच?
सर म्हणाले, "चुकलं तर मॉनिटर जळतो.
माझे अजून सतरा हप्ते आहेत."
आणि चहाला खाली गेले. मुद्दाम गेले असतील.

मी आठ-पाच दिला.

काच शिट्टी मारायला लागली,
बारीक, दातांच्या मुळात शिरणारी.
चित्र तिरकं फाटलं.
बटण सापडेपर्यंत बोटांचं लाकूड झालं.
मागच्या जाळीला नाक लावून हुंगलं:
धूळ. तापलेलं प्लॅस्टिक. जळकं काही नाही.
अंबाबाईला काहीच बोलले नाही.
दोन मिनिटं थांबले आणि तीन-पाच दिला.

पडद्यावर कचरा उसळला, तो झाडला.
मग काळं. पण हे काळं वेगळं,
ठिपक्या-ठिपक्यानं विझलेलं, वाट बघणारं.

तिथला पत्ताही आपल्या गावासारखाच,
बी वॉर्ड, शून्य शून्य शून्य.
पण ओळी शेजारी राहत नाहीत:
पहिली शिवाजी पेठेत, दुसरी मंगळवारात,
तिसरी बुधवारात, चौथी पार शुक्रवारात,
पाचवी परत येऊन पहिलीच्या भिंतीला भिंत.
भागाकार करत करत
दारोदार ठिपके टाकत हिंडले.

साडेआठला आण्णा आले लुनावरून.
उद्यमनगरात पॅटर्नमेकर,
भुवयांत सागवानाचा भुसा.
मी म्हटलं, "बघा, पंपाचं चाक केलो."
त्यांनी खिशातनं कॅलिपर काढला,
काचेला लावला. हातावरचे केस उभे राहिले,
तरी हात काढला नाही.
"माले, हे चाक न्हाई. अंडं हाय."

"त्रिज्या सगळीकडं सारखीच दिलीया, आण्णा."

"तू दिलीस सारखी. काच सारखी घेती व्हय?"
मग जरा वेळानं, जिन्यात, चपला घालताना,
"आमची पट्टी बघितलीस न्हवं? फुटाला एक सूत जास्ती.
बीड थंड हुताना आटतंय.
खोट्या पट्टीनं मापलं तरच खरं चाक पडतंय."

दुसऱ्या दिवशी शंभर ठिपके आडवे, शंभर उभे काढून
काचेवर फूटपट्टी धरली.
उभे दीडपटीहून जरा लांब.
उभ्या मापाला एकतीसात वीस असं लिहिलं.
आकड्यांत ते चाक आता चेपलेलं होतं,
दबकं, बटाट्यासारखं.
आण्णांनी कॅलिपर आडवा लावला, उभा लावला,
मग तिरकाही लावला, विश्वास नसल्यासारखा.
"पडलं," म्हणाले. एवढंच.
सरांनी चहा मागवला, पैसे आण्णांनी दिले.

आता कुणाला काही सांगावं लागत नाही,
गोल म्हटलं की गोल येतो.
सातव्या गल्लीत त्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात.

परवा खिडक्यांचं माप घ्यायला
हाताला लागली ती पितळी पट्टी घेतली.
शिंप्याकडनं पडदे आले
ते सगळे बोटभर लांब, फरशीवर लोळणारे.
शिंपी म्हणाला, उसवून देतो.
राहू दे म्हटलं.
कापड आहे, धुतल्यावर आटेल.